चाकाच्या एका फेऱ्यात किती रस्ता

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा, ज्याला चितळसर मानपाडा म्हणतात. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. डोंबिवली पूर्वेच्या स्टेशनाकडून येणारा मानपाडा रोड जिथे शीळ रस्त्याला मिळतो, तो हा दुसरा. दोन्हीकडचे रहिवासी गाडीच्या वेगाबद्दल बोलतात ते बहुधा वाहतूक कोंडीच्या संदर्भात. पण डोंबिवलीच्या मानपाड्याचा मोटारींशी आणखी एक संबंध आहे आणि तो जुन्या डोंबिवलीकरांच्या चांगला लक्षात आहे. रिक्षावाले आजही ज्या भागाला ‘प्रीमियर’ म्हणून ओळखतात, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता.

प्रीमियर ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेली कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून तिने आधी अमेरिकी गाड्या जुळवल्या, मग फियाटच्या. १९६४ साली आलेल्या फियाट ११०० डिलाइटचे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले आणि ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहराच बनली. मानपाड्याच्या कारखान्यात १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर भागीदारी करून ‘प्यूजो ३०९’ तयार होत असे. ती भागीदारी फार टिकली नाही. दशक संपण्याच्या सुमारास उत्पादन थांबले आणि आता त्या परिसरात मोठमोठी गृहसंकुले उभी आहेत.

एकाच कंपनीच्या या दोन गाड्यांची आतली रचना अगदी निराळी होती. पद्मिनीचे इंजिन पुढे, गाडी ढकलणारी चाके मागे आणि दोघांना जोडणारा लांब प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जाणारा. मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोलसर पेटी, जिला गॅरेजमध्ये ‘हाउसिंग’ म्हणतात. प्यूजो ३०९ मध्ये इंजिन आडवे, ओढणारी चाके पुढची आणि हाउसिंगमधले सगळे काम गियरबॉक्सच्या पेटीतच उरकलेले. तरीही या दोन गाड्यांचा वेग एकाच गणिताने काढता येतो. ते गणित सहावी-सातवीच्या मुलाला जमेल इतके साधे आहे, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी करून पाहावेसे वाटले पाहिजे. इंजिनापासून रस्त्यापर्यंतचा सगळा व्यवहार त्यात उलगडतो.

प्रश्न असा: इंजिन मिनिटाला अमुक इतके फेरे घेते आहे, तर गाडी ताशी किती किलोमीटर धावते?

इंजिनाचे फेरे आरपीएममध्ये मोजतात. गाडी नुसती सुरू ठेवली तर साधारण ८००, शहरात चालवताना दीड-दोन हजार, जोर लावला की चार-पाच हजार. चाके इतक्या झपाट्याने फिरली तर चालणार नाही. म्हणून वाटेत दोन ठिकाणी फेरे कमी केले जातात. पहिले ठिकाण गियरबॉक्स. चालक गियर बदलतो तेव्हा तो दात्यांची वेगळी जोडी कामाला लावतो. पहिल्या गियरमध्ये इंजिनाच्या साडेतीन फेऱ्यांना पुढच्या शाफ्टचा एक फेरा पडतो, टॉपला जवळपास फेऱ्यास फेरा. दुसरे ठिकाण हाउसिंगमधले क्राउन-पिनियन. पिनियन छोटे, क्राउन मोठे, आणि त्यांचे गुणोत्तर कायमचे ठरलेले. चालकाला ते बदलता येत नाही. हे दोन आकडे एकमेकांनी गुणले की इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो ते कळते.

उदाहरणाला जीप घेऊ. दुसऱ्या महायुद्धात लाखोंनी बनलेली विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जुळवायला घेतली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत तहसीलदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी जीप वापरली. युद्धकाळातल्या विलीजच्या क्राउनला ३९ दाते होते, पिनियनला ८. भागाकार ४.८८. टॉप गियर थेट, म्हणजे १. त्यामुळे टॉपमध्ये इंजिनाच्या ४.८८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. इंजिनाची पूर्ण ताकद, ६० अश्वशक्ती, ४००० आरपीएमला मिळे. त्या वेळी चाक मिनिटाला ४००० भागिले ४.८८, म्हणजे ८२० फेरे घेणार. चाकाला ६.००-१६ या मापाचा टायर, उंची साधारण ७२ सेंटिमीटर. एका फेऱ्यात तो सुमारे २.१५ मीटर रस्ता कापतो. ८२० गुणिले २.१५ म्हणजे मिनिटाला १७६३ मीटर, म्हणजेच ताशी जवळपास १०६ किलोमीटर.

आता त्या जीपच्या डॅशबोर्डवर ठोकलेली पत्र्याची पाटी पाहू. टॉप गियरमधली वेगमर्यादा तिच्यावर ताशी ६५ मैल दिलेली असे. ६५ मैल म्हणजे १०४.६ किलोमीटर. कागद-पेन्सिलीने काढलेला आकडा आणि कारखान्याने पाटीवर कोरलेला आकडा यांच्यात जेमतेम सव्वा किलोमीटरचा फरक!

या जीपचे दुसरे टोक याहून सुंदर आहे. पहिल्या गियरचे गुणोत्तर २.६६५. शिवाय तिला आणखी एक गियरपेटी असे. चिखल-चढणीसाठी ती ‘लो’मध्ये टाकली की फेरे आणखी १.९७ पटींनी कमी होत. तिन्ही आकडे गुणले तर २५.६ येतात. इंजिनाच्या पंचवीस-सव्वीस फेऱ्यांना चाकाचा एकच फेरा. इंजिन १००० आरपीएमवर असताना जीप ताशी ५ किलोमीटरने सरकते. हा पायी चालणाऱ्या माणसाचा वेग. सैनिकांच्या तुकडीबरोबर, क्लच न जाळता, तासन् तास चालता यावे म्हणून हे गुणोत्तर कामाचे होते. युद्ध संपल्यावर विलीजने शेतकऱ्यांसाठी जी मुलकी जीप काढली तिच्यात पिनियनचे दाते ८ च ठेवले आणि क्राउनचे वाढवून ४३ केले. गुणोत्तर ५.३८ झाले. टॉपचा वेग घटला आणि नांगर ओढायला लागणारा जोर वाढला. चार दात्यांत गाडीचा स्वभाव बदलला.

दात्यांच्या या आकड्यांत आणखी एक गंमत दडलेली आहे. ३९ आणि ८ का? ४० आणि ८ घेतले असते तर गुणोत्तर बरोब्बर ५ आले असते आणि हिशेबही सोपा झाला असता. पण तसे केले तर पिनियनचा एक ठरावीक दाता क्राउनच्या त्याच त्या पाच दात्यांना भेटत राहतो. एखाद्या दात्यात बारीकसा दोष असेल तर तो जन्मभर त्याच पाचांना खात बसेल. ३९ आणि ८ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या सगळ्या ३९ दात्यांना पाळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. ४३ आणि ८ चेही तेच. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ४० आणि ११ होते, तिथेही तेच. शाळेत शिकलेला मसावि गाडीच्या हाउसिंगमध्ये असा उपयोगी पडतो.

दात्यांची बाजू इतकी चोख असते. पंधरा वर्षांनीही ३९ चे ३९ च राहतात. वेगाच्या गणितात बदलणारा, झिजणारा, दबणारा भाग एकच, आणि तो म्हणजे टायर. सगळी गडबड तिथेच होते.

टायरच्या कडेला लिहिलेला मजकूर बहुतेक मालक गाडी विकेपर्यंत वाचत नाहीत. समजा तिथे १६५/८० आर १४ असे आहे. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० ही टक्केवारी: रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच आहे, म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिहेरी कारभार जगभर चालतो. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात खालची-वरची मिळून दोनदा १३२ मिळवले की टायरची पूर्ण उंची ६१९.६ मिलिमीटर.

आता परीघ. शाळेतल्या सवयीने कोणीही या आकड्याला ‘पाय’ने (π), म्हणजे ३.१४ ने गुणील. उत्तर येईल १.९४६ मीटर. पण गाडीचे वजन पडल्यावर टायर खाली थोडा चपटा होतो, त्यामुळे एका फेऱ्यात तो कापत असलेला रस्ता याहून कमी भरतो. म्हणून युरोपातल्या टायर-मापांच्या संकेतात रेडियल टायरसाठी पायऐवजी ३.०५ घेतात, तर जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या, ‘क्रॉसप्लाय’ टायरसाठी २.९९. आपल्या टायरचा रस्त्यावरचा परीघ मग १.८९ मीटर येतो. जीपच्या हिशेबातला सव्वादोन मीटरपेक्षा कमी भरलेला परीघही ७२ सेंटिमीटरला २.९९ ने गुणूनच काढलेला आहे. पाय वापरला असता तर जीप पाटीवरच्या आकड्यापेक्षा सहा-सात किलोमीटर पुढे गेली असती.

सूत्र एका ओळीत मांडता येते. आरपीएम गुणिले परीघ (मीटरमध्ये) गुणिले ०.०६, आणि या सगळ्याला भागायचे गियर आणि क्राउन-पिनियन यांच्या गुणाकाराने. ०.०६ हे मिनिटाचे तास आणि मीटरचे किलोमीटर करण्यापुरते आहे.

हे सूत्र घेऊन पुन्हा कल्याण-शीळ रस्त्यावर येऊ. एक पाच गियरची लहान गाडी धरू. टायर वरचाच. पाचही गियर अनुक्रमे ३.५, १.९, १.२५, ०.९५ आणि ०.७५. क्राउन-पिनियन ४.१. लहान गाड्यांचे आकडे याच घरातले असतात. इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे ही गाडी पहिल्या गियरमध्ये ताशी ७.९ किलोमीटर धावते. दुसऱ्यात १४.६, तिसऱ्यात २२.१, चौथ्यात २९.१, पाचव्यात ३६.९.

पहिला आकडा नीट पाहावा. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, इंजिन ८०० आरपीएमवर गुरगुरते आहे, गाडी पहिल्या गियरमध्ये, क्लच पूर्ण सोडलेला. वेग येतो ताशी ६.३ किलोमीटर. याहून हळू ही गाडी चालूच शकत नाही, निदान क्लच पूर्ण सोडून तरी नाही. संध्याकाळी मानपाड्यापासून काटई नाक्यापर्यंत किंवा पुढे शीळफाट्याकडे रांग लागते तेव्हा ती बहुधा याहून हळू सरकते. मग चालकाला क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो. क्लच प्लेट घसरत राहते, तापते आणि झिजते. या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या गाड्यांच्या क्लच प्लेट लवकर का जातात, याचे उत्तर ३.५ गुणिले ४.१ या गुणाकारात आहे. उपाय चालकाच्या पायात आहे: पुढे आठ-दहा मीटर मोकळे होऊ द्यावेत, मग पहिला टाकून क्लच पूर्ण सोडून तेवढे अंतर जावे आणि पुन्हा न्यूट्रलवर थांबावे. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्यावा. नवी क्लच प्लेट, तिची प्रेशर प्लेट आणि गियरबॉक्स उतरवण्याची मजुरी हे सगळे आपल्याच खिशातून जाते.

दुसऱ्या मानपाड्याच्या बाजूला, घोडबंदर रस्त्यावर, पुढे गायमुखचा घाट लागतो. तिथे उतारावर हेच आकडे निराळ्या कामाला येतात. ताशी ४० च्या वेगाने चौथ्या गियरमध्ये उतरणाऱ्या आपल्या गाडीचे इंजिन १४०० च्या आतच फिरत असते आणि गाडीला फारसे मागे ओढत नाही. सगळा भार ब्रेकवर. त्याच वेगाला दुसरा टाकला तर इंजिनाला जवळपास २७५० फेरे घ्यावे लागतात आणि ते गाडीला चांगलेच आवरून धरते. ज्या गियरमध्ये घाट चढावा त्याच गियरमध्ये उतरावा, हा ट्रकचालकांचा जुना नियम या हिशेबावरच उभा आहे.

आता सूत्राची मर्यादा. आपल्या गाडीचे इंजिन ६००० आरपीएमपर्यंत जाते असे धरले, तर पाचव्या गियरमध्ये उत्तर येते ताशी २२१ किलोमीटर. कोणतीही साधी लहान गाडी इतकी धावत नाही. गणित चुकलेले नाही. गियर-टायरचे सूत्र फक्त एवढेच सांगते की इंजिन इतके फिरले तर गाडी इतकी धावेल. इंजिनाला तेवढे फिरता येईल का, हे हवा ठरवते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते. लहान गाडीला ताशी ८० वर हवा कापायला सहाएक अश्वशक्ती पुरतात, १६० वर ४५ च्या पुढे लागतात आणि २२१ वर सव्वाशेच्या आसपास. टायरचे घर्षण वेगळेच. ८० अश्वशक्तीचे इंजिन १६५ च्या आसपास दमते. आणि त्या १६५ ला पाचव्या गियरमध्ये इंजिन साडेचार हजारांखाली फिरत असते, म्हणजे त्याची पूर्ण ताकद अजून निघालेलीच नसते. चौथ्यात मात्र ते ५७०० च्या जवळ असते. म्हणून अशा गाड्यांचा कमाल वेग पाचव्यात मिळत नाही, चौथ्यात मिळतो. पाचवा गियर पेट्रोल वाचवण्यासाठी आणि आवाज कमी करण्यासाठी आहे. चढावर पाचव्यात गाडी ‘पडते’ ती यामुळेच, आणि तेव्हा ॲक्सिलरेटर दाबत बसण्याऐवजी चौथा टाकणे बरे.

फोर्डच्या मॉडेल टीच्या काळी असला प्रश्नच नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी विकल्या गेलेल्या या गाडीला पुढे जाण्याचे गियर दोनच होते. वरचा थेट, क्राउन-पिनियन ३.६४, टायर ३० इंच उंच. तिच्या इंजिनाची २० अश्वशक्ती १६०० आरपीएमला मिळे, आणि सूत्राने वेग येतो ताशी ६० किलोमीटर. इंजिन थोडे आणखी ताणले की ६५-७० पर्यंत मजल जाई, आणि गाडीचा नोंदलेला कमाल वेगही तोच आहे. तिचा सर्वांत ताकदवान गियर रिव्हर्स होता. म्हणून अवघड चढ आला की लोक ती वळवून उलटी चढवत. पेट्रोलही टाकीतून नुसत्या उताराने कार्ब्युरेटरमध्ये येत असल्याने उलटी चढवली की तेही अडत नसे.

इथवर वेग कागदावर काढला. चालकाला तो काट्यावर दिसतो, आणि काटाही आत हेच गणित करत असतो. जर्मन संशोधक ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेला स्पीडोमीटर जवळपास शंभर वर्षे जगभरच्या गाड्यांत होता. गियरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटी दातेरी चकती, तिला जोडलेली पिळाच्या तारेची केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला डॅशबोर्डमागे फिरणारे लोहचुंबक. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी, तिच्या दांड्यावर काटा आणि काट्याला आवरणारी केसाएवढी बारीक स्प्रिंग. चुंबक वाटीला शिवत नाही, पण फिरता फिरता तिच्यात वीजप्रवाह निर्माण करून तिला आपल्याबरोबर ओढू पाहते. चुंबक जितके जोरात फिरेल तितका काटा पुढे. पद्मिनी चालवलेल्यांना केबल सुकल्यावर थरथरणारा काटा आणि तिची ती टकटक आठवत असेल. मेकॅनिक केबल बाहेर ओढून ग्रीस लावून परत घालायचा.

या व्यवस्थेत रस्ता कुठेच नाही. केबल फक्त फेरे मोजते. एका फेऱ्यात किती रस्ता कापला जातो, हा आकडा कारखान्याने त्या छोट्या चकतीच्या दात्यांत बसवून ठेवलेला असतो, ठरावीक मापाचा टायर गृहीत धरून. टायर बदलला की काटा चुकतो आणि चालकाला पत्ताही लागत नाही.

मारुती ८०० चे उदाहरण घ्या. तिचा टायर १४५/७० आर १२. उंची ५०८ मिलिमीटर. तिच्या मागून आलेल्या अल्टोचा टायर १४५/८० आर १२. रिम तेच, रुंदी तीच, फक्त भिंत उंच. रिम एकच असल्याने तो ८०० ला सहज बसतो, आणि गाडी खड्ड्यांत घासू नये म्हणून अनेकांनी तो बसवलाही. त्याची उंची ५३७ मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा टक्के जास्त. काटा ६० दाखवतो तेव्हा टायर बदलण्याआधीच्या मानाने गाडी साडेतीन किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. ओडोमीटरवर शंभर किलोमीटर पडतात तेव्हा प्रत्यक्षात जवळपास १०६ झालेले असतात. त्यामुळे ओडोमीटरवरून काढलेला ॲव्हरेज खऱ्यापेक्षा कमी येतो आणि मालक उगाच मेकॅनिकच्या मागे लागतो. शिवाय मोठा टायर म्हणजे प्रत्येक गियर पावणेसहा टक्के ‘उंच’ झाला. पिकअप तेवढा मंदावतो.

कारखान्याचे अभियंते हे कसे सांभाळतात, हे स्विफ्टवरून कळते. तिच्या स्वस्त आवृत्तीला १६५/८० आर १४ टायर आणि महाग आवृत्तीला १८५/६५ आर १५ अशी मापे दिली गेली. रिम एक इंचाने मोठे, टायर रुंद, दिसायला भारदस्त. पण उंची मोजा: पहिल्याची ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१.५. फरक दोन मिलिमीटरचाही नाही, म्हणजे जेमतेम ०.३ टक्के. भिंत कमी करून रिमची वाढ पचवली, त्यामुळे काटा आणि गियर दोन्ही जागच्या जागी राहिले. टायरच्या दुकानात ‘एक साइज मोठा टाका साहेब’ असे सुचवले जाते तेव्हा हाच हिशेब करावा. १८५/६५ च्या जागी १९५/६५ घेतला तर उंची दोन टक्क्यांनी वाढते आणि ती खपून जाते. २०५/६५ घेतला तर चार टक्क्यांच्या वर, आणि तो वळणावर मडगार्डला घासेल का हा प्रश्न वेगळाच.

काटे मुद्दाम थोडे पुढे ठेवलेले असतात. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ अनेक देश पाळतात. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवले तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर, इथपर्यंत चालेल, असे तो सांगतो. खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत दाखवू शकतो. मोबाइलवरचा उपग्रहाधारित वेग काट्यापेक्षा चार-पाचने कमी दिसतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. मोबाइल नको असेल तर हायवेवरचे किलोमीटरचे दगड आहेतच. वेग स्थिर ठेवायचा, शेजारी बसलेल्याने एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचे. ४५ सेकंद लागले तर वेग ८०.

टायर न बदलताही परीघ बदलत असतो. नव्या टायरच्या खोबणी साधारण ८ मिलिमीटर खोल. कायद्याने चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर हव्यात. तेवढ्या झिजेपर्यंत टायरची त्रिज्या साडेसहा मिलिमीटरने घटते. आपल्या ६२० मिलिमीटरच्या टायरसाठी ती दोन टक्क्यांची घट. हवा कमी असेल तर थोडी आणखी. आताच्या गाड्यांत केबल नाही. एबीएससाठी चाकापाशी दातेरी किंवा चुंबकी कडे असते, सेन्सर त्याचे खुणांगणिक ठोके मोजतो आणि संगणक त्यांना ठरवून दिलेल्या परिघाने गुणतो. चारही चाकांचे ठोके वेगवेगळे मिळत असल्याने काही गाड्यांत एक छान सोय करता आली. एका चाकाची हवा कमी झाली की ते किंचित लहान होते आणि बाकीच्या तिघांपेक्षा जास्त फेरे घेऊ लागते. संगणक तेवढ्यावरून ओळखतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो, टायरमध्ये दाब मोजणारे कोणतेही यंत्र न बसवता.

परिघाच्या या दोन-चार टक्क्यांना रोज रोख किंमत मिळते ती रिक्षा-टॅक्सीच्या मीटरवर. मीटरही फेरेच मोजतो. पूर्वी केबलने, आता सेन्सरच्या ठोक्यांनी. किती ठोक्यांचा एक किलोमीटर धरायचा हे ठरवून मीटरला सील लागते आणि तपासणी होते. रिक्षावाले याला ‘मीटर पासिंग’ म्हणतात. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले, तेव्हा ठाण्याच्या एमएच ०४ आणि कल्याणच्या एमएच ०५ क्रमांकाच्या रिक्षांनाही मीटर नव्याने जुळवून घ्यावे लागले.

रिक्षाचा टायर ४.००-८ या मापाचा, उंची ४१ ते ४२ सेंटिमीटर. एका फेऱ्यात सव्वा मीटर, म्हणजे किलोमीटरला ८०० फेरे, आणि दीड किलोमीटरचे २६ रुपये १२०० फेऱ्यांचे. चाक लहान असल्याने झीज इथे जास्त बोलते. खोबणी ५ मिलिमीटरने घटल्या की उंची १० मिलिमीटरने कमी होते, म्हणजे जवळपास अडीच टक्के. नव्या टायरवर पास झालेला मीटर झिजलेल्या टायरवर खऱ्या दहा किलोमीटरचे सव्वादहा लावतो. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये दर धरला तर प्रवाशाला सुमारे चार रुपये जास्त पडतात, रिक्षावाल्याने मीटरला हातही न लावता. उलट गुळगुळीत टायरवर मीटर पास करून घेतला आणि नंतर नवे टायर चढवले, तर तेच चार रुपये रिक्षावाल्याच्या गल्ल्यातून जातात, तेही प्रत्येक दहा किलोमीटरला, टायर पुन्हा झिजेपर्यंत.